थकलेले पाय, जागी बुद्धी

मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासी यांची गाऱ्हाणी ऐकण्यासाठी नेमलेल्या स्टार्ट समितीचे काम १९२९ साली प्रांतभर चालू होते. सदस्यांनी जिल्हे आपसांत वाटून घेतले. पूर्व व पश्चिम खानदेश, म्हणजे पुढच्या काळातील जळगाव आणि धुळे हे जिल्हे, डॉ. भीमराव रामजी आंबेडकर आणि त्यांचे एक सहकारी यांच्या वाट्याला आले. ऑक्टोबरात दौरा आटोपला आणि बाबासाहेब मुंबईकडे निघाले. वाटेत चाळीसगावला उतरून ते धुळ्याच्या फाट्यावरील एका गावी गेले. तेथील अस्पृश्यांवर सवर्णांनी बहिष्कार घातला होता, त्याची चौकशी त्यांना करावयाची होती. ते काम करून पुढच्या गाडीने ते चाळीसगावला परतले. तेथील महार मंडळींनी एक रात्र मुक्कामाचा आग्रह धरला होता आणि बाबासाहेबांनी तो मान्य केला होता. तो दिवस होता २३ ऑक्टोबर.

हारतुरे झाले. महारवाडा स्थानकापासून सुमारे दोन मैलांवर. स्थानकाबाहेर टांगे उभे होते. तरीही पाहुण्यांना तासभर थांबावे लागले. का, ते त्यांना तेव्हा कळले नाही. महार उतारूला टांग्यात बसवून हाकण्यास एकही टांगेवाला तयार नव्हता. पाहुण्याला पायी नेणे यजमानांना कमीपणाचे वाटले. अखेर तडजोड निघाली ती अशी, की टांगा भाड्याने मिळेल, हाकणारा मात्र तुम्हीच आणा. ज्याने लगाम हातात घेतला त्याने पूर्वी कधी टांगा हाकला नव्हता. दोनशे पावलांत मोटारीशी टक्कर होता होता वाचली. पुढे नदीवरच्या फरशीपुलाशी काटकोनात वळण होते. तेथे घोडा उधळला, चाक कडेच्या दगडावर आदळले आणि कोलंबिया व लंडन विद्यापीठांच्या पदव्या मिळवलेला हा बॅरिस्टर दगडी फरशीवर फेकला गेला. घोडा आणि टांगा नदीत पडले. बाबासाहेब बेशुद्ध झाले, पायाचे हाड मोडले. पुढे अनेक दिवस ते अंथरुणाला खिळून होते. टांग्याची खरी हकीकत त्यांना नंतर समजली आणि आपल्या आठवणींत त्यांनी ती सविस्तर नोंदवून ठेवली.

या अपघाताचा आणि पुढे त्यांचे पाय निकामी करणाऱ्या दुखण्याचा संबंध जोडण्याचा मोह होतो. तो जोडू नये. चाळीसगावचे मोडलेले हाड सांधले. वीस वर्षांनी जे दुखणे पायांत आले ते हाडाचे नव्हते, मज्जातंतूंचे होते, आणि त्याचे मूळ रक्तातील साखरेत होते.

बाबासाहेबांचा पूर्वार्ध मराठी वाचकाला ठाऊक आहे. १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्म, सुभेदार रामजी सकपाळांचे चौदावे अपत्य, साताऱ्यात व नंतर मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात शिक्षण, सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती, १९१३ साली न्यूयॉर्क, १९१६ साली लंडन. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने अभ्यास अर्धवट टाकून परत यावे लागले. १९२० साली स्वतःच्या हिमतीवर ते पुन्हा लंडनला गेले. त्या दिवसांतील त्यांची दिनचर्या शरीराला मानवणारी नव्हती. सकाळी तुटपुंजी न्याहारी, मग ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय बंद होईपर्यंत वाचन, रात्री पुन्हा वाचन. पोट रिकामे आणि दिवा जळता, ही सवय त्यांनी जन्मभर सोडली नाही. मधुमेह केवळ अशा दगदगीने जडतो असे नाही. पण जडल्यावर अशी दिनचर्या त्याला मोकळे रान देते. वेळी-अवेळी जेवण, रात्र-रात्र जागरण आणि तासन्‌तास बैठक या तिन्ही गोष्टी त्यांच्या कामाचा भागच होत्या. त्यात घरातील दुःखे. चार अपत्ये हाताशी लागली नाहीत. धाकट्या राजरत्नच्या मृत्यूने १९२६ साली ते खचले. २७ मे १९३५ रोजी रमाबाई गेल्या. त्यानंतर त्यांच्या जेवणाखाण्याकडे हक्काने पाहणारे घरात कोणी उरले नाही.

खानदेशाशी त्यांचा संबंध चाळीसगावपाशी संपला नाही. ३१ जुलै १९३७ रोजी न्यायालयीन कामासाठी ते धुळ्यात आले, तेव्हा लळिंग किल्ल्याजवळच्या रानातील लांडोर बंगल्यात त्यांचा मुक्काम झाला. दरवर्षी त्या तारखेला तेथे आजही हजारो माणसे जमतात. स्वतंत्र मजूर पक्षाने निवडणुका लढवल्या त्याच वर्षातील ही गोष्ट. प्रकृतीने धिप्पाड, आवाजाने भारदस्त, न्यायालयात आणि सभेत सारखेच दबदबा ठेवणारे बाबासाहेब त्या वेळी सेहेचाळीस वर्षांचे होते.

पुढच्या दहा वर्षांत चित्र बदलले. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. स्वातंत्र्यानंतर ते कायदामंत्री झाले आणि २९ ऑगस्ट १९४७ रोजी नेमल्या गेलेल्या मसुदा समितीचे अध्यक्षही. समितीत सात जण होते. एकाने राजीनामा दिला, एकाचे निधन झाले, एक अमेरिकेत, कोणी संस्थानांच्या कामात, कोणी प्रकृतीमुळे दिल्लीपासून दूर. टी. टी. कृष्णमाचारी यांनी पुढे घटना समितीतच सांगून टाकले की मसुद्याचा भार अखेर एकट्या आंबेडकरांवर पडला. २१ फेब्रुवारी १९४८ रोजी मसुदा सादर झाला तेव्हा त्या माणसाला रात्री झोप येईनाशी झाली होती. पायांत असह्य वेदना होत होत्या. इन्शुलिन चालू होते, होमिओपॅथीही चालू होती, आणि उतार पडत नव्हता. उपचारांसाठी ते मुंबईला आले. तेथे डॉ. मालवणकर यांच्याकडे काम करणाऱ्या डॉ. शारदा कबीर यांच्याशी त्यांची ओळख झाली. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत, हार्डिंग अॅव्हेन्यूवरील निवासस्थानी, नोंदणी पद्धतीने त्यांचा विवाह झाला. शारदाबाई सविता आंबेडकर झाल्या. लोक त्यांना माईसाहेब म्हणू लागले. औषधे, पथ्य आणि इंजेक्शने यांची जबाबदारी त्यांनी उचलली.

त्या काळातील मधुमेहाचा उपचार कसा होता हे आजच्या वाचकाने थोडे समजून घ्यावे. टोरांटो येथे बॅंटिंग आणि बेस्ट यांनी इन्शुलिन शोधून काढले ते १९२१ साली, आणि १९२२ च्या जानेवारीत ते पहिल्यांदा एका मुलाला टोचले गेले. तत्पूर्वी मधुमेह झाला की अन्न कमी करणे एवढाच इलाज होता. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात मधुमेह आवरला तो पथ्यावर. त्यांचे १९२० साली निधन झाले तेव्हा इन्शुलिन अजून यायचे होते. बाबासाहेबांच्या वाट्याला ते आले. पण ते गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढलेले, काचेच्या पिचकारीतून टोचायचे, पिचकारी आणि सुई दर वेळी उकळायची. घरच्या घरी रक्तातील साखर मोजण्याचे यंत्र नव्हते. लघवीत बेनेडिक्टचे निळे द्रावण घालून तापवायचे आणि रंग हिरवा होतो, पिवळा होतो की विटकरी होतो यावरून अंदाज बांधायचा. मागील तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी वापरात आली ती सत्तरीच्या दशकाअखेरीस. म्हणजे माईसाहेबांसारखी शिकलेली डॉक्टर घरात असूनही मात्रा ठरवणे हा बराचसा अदमासाचा मामला होता. मात्रा कमी पडली तर साखर चढते, जास्त झाली तर एकदम उतरते. आणि साखर उतरली की सर्वांत आधी ज्या अवयवाची उपासमार होते तो मेंदू.

वेदना पायांत का उठत होत्या? मज्जातंतूंनाही रक्त लागते आणि ते पोहोचवणाऱ्या वाहिन्या अतिशय बारीक असतात. रक्तात साखर वर्षानुवर्षे जास्त राहिली की ती वाहिन्यांच्या आतील अस्तराच्या प्रथिनांना चिकटत जाते. अस्तर आपली लवचीकता गमावते, वाहिनीची भिंत जाड होते, तिला बाहेरून आधार देणाऱ्या पेशी एकेक करून मरतात. साखरेचा थेट मारा मज्जातंतूंवर होतोच. त्यात त्यांचे पोषणही आटते. सर्वांत लांब तंतू पायांचे, म्हणून सुरुवात तळव्यांपासून. आधी मुंग्या, मग जळजळ, रात्री अधिक. पुढे पाय आपले आहेत की नाहीत हेच कळेनासे होते. हीच मोडतोड डोळ्याच्या दृष्टिपटलावर झाली की नजर जाते, मूत्रपिंडात झाली की ते गळू लागते. किमेलस्टील आणि विल्सन या शास्त्रज्ञांनी मूत्रपिंडातील बदलांचे वर्णन १९३६ साली केले होते, त्यामुळे बाबासाहेबांच्या काळातील जाणकार डॉक्टरांना डोळे, मूत्रपिंड आणि पाय यांची धास्ती होती. मेंदूचे नाव त्या यादीत सहसा येत नसे.

१९५१ साली दुखणे आणि राजकारण यांची गाठ पडली. हिंदू संहिता विधेयक हा बाबासाहेबांच्या मते घटनेइतकाच महत्त्वाचा कायदा होता. वारसा, विवाह, घटस्फोट, दत्तक यांत स्त्रीला न्याय मिळाल्यावाचून समाजसुधारणेला अर्थ नाही, अशी त्यांची धारणा होती. विधेयक वर्षानुवर्षे रेंगाळले होते. १० ऑगस्ट १९५१ रोजी त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून कळवले की आपल्या प्रकृतीची आपल्याला आणि डॉक्टरांना चिंता वाटते. दीर्घ उपचारांसाठी डॉक्टरांच्या स्वाधीन होण्यापूर्वी हे विधेयक मार्गी लागावे. मंत्रिपदावरील माणूस आपले आजारपण सहसा झाकतो. येथे ते कामाच्या निकडीचे कारण म्हणून पुढे मांडलेले दिसते. विधेयक मार्गी लागले नाही. २७ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांनी राजीनामा दिला.

त्यानंतरची वर्षे पराभवांची. १९५२ ची लोकसभा निवडणूक मुंबईत हरले, १९५४ साली भंडाऱ्याची पोटनिवडणूक हरले. राज्यसभेत ते होते, पण भंडाऱ्यानंतर जून ते ऑक्टोबर १९५४ असे सलग महिने अंथरुणातच गेले. औषधांचे दुष्परिणाम झाले होते, नजर मंदावली होती. पायांनी शरीराचा भार घेणे सोडून दिले. उठायचे तर काठी आणि कोणाचा तरी खांदा. हळूहळू श्वासाचाही त्रास होऊ लागला. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात ग्रंथांवर प्रेम केले, राजगृहाची उभारणीच पुस्तकांसाठी केली, त्याचे डोळे थकले होते.

डोळ्यांचे आणि मेंदूचे नाते येथे लक्षात घ्यावे लागते. गर्भावस्थेत दृष्टिपटल मेंदूच्याच ऊतींपासून तयार होते आणि दोघांच्या बारीक वाहिन्यांची रचना जवळजवळ सारखी असते. म्हणून बाहुलीतून आत डोकावणाऱ्या डॉक्टरला मेंदूतील वाहिन्यांची अवस्था काय असेल याचा काहीसा अंदाज येतो. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे दोन टक्के, पण शरीरात वापरल्या जाणाऱ्या प्राणवायूचा सुमारे पाचवा हिस्सा तो एकटा घेतो. स्वतःजवळ साठा म्हणावा असा तो ठेवत नाही. क्षणाक्षणाला पुरवठा लागतो. हा पुरवठा करणाऱ्या केशवाहिन्या केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढ्या बारीक. एका माणसाच्या मेंदूतील केशवाहिन्या टोकाला टोक लावून मांडल्या तर त्यांची लांबी सुमारे ६०० किलोमीटर भरेल असा अंदाज आहे. जळगाव ते मुंबई हे अंतर त्याहून कमी आहे.

जळगाव जिल्ह्यातील केळीउत्पादकाला ही व्यवस्था सहज समजेल. विहिरीवर पंप चालू आहे, मुख्य पाइप भरून वाहतो, दाबाचा काटा जागेवर आहे. पण ठिबकच्या नळीत क्षार साचत गेले की दूरच्या टोकाचे ड्रीपर एकेक करून बंद पडतात. पंपाजवळ उभे राहिलेल्याला काहीच कळत नाही. पान पिवळे पडते तेव्हा कळते. मेंदूच्या खोल भागात जाणाऱ्या बारीक धमन्या मोठ्या वाहिनीतून सरळ आत घुसतात आणि तेथेच संपतात. एकीचा प्रवाह थांबला तर शेजारची मदतीला येत नाही. तेवढा ठिपका, मोहरीएवढा किंवा वाटाण्याएवढा, मरतो. अर्धांगवायूचा झटका आल्याशिवायही असे ठिपके पडत राहतात. शिवाय मेंदूच्या एका भागाला दुसऱ्याशी जोडणाऱ्या तारांचा जो पांढरा भाग आहे, त्याचे पोषण उणावून तो विरत जातो. रक्तातील नको ती द्रव्ये मेंदूत जाऊ न देणारी वाहिन्यांची भिंत झिरपू लागते. मेंदूचा जो भाग काम करू लागेल तिकडे तत्काळ अधिक रक्त धावावे, ही नैसर्गिक तत्परताही मंदावते. उच्च रक्तदाब जोडीला असेल तर हे सारे अधिक वेगाने घडते.

त्याची लक्षणे विस्मरणाने सुरू होतातच असे नाही. विचार हळू होतो. दोन कामे एका वेळी सांभाळताना गोंधळ होतो, बेत आखणे जड जाते, पावले आखूड पडू लागतात, लघवी आवरत नाही, मन खिन्न राहते. घरचे लोक वय झाले म्हणून सोडून देतात.

वैद्यकाला याची चाहूल फार पूर्वी लागली होती. १९२२ साली, इन्शुलिनच्या पहिल्या वर्षातच, अमेरिकेत माइल्स आणि रूट यांनी मधुमेही रुग्णांच्या मानसिक चाचण्या घेतल्या आणि स्मरण व अवधान उणे असल्याचे नोंदवले. पण जिवंत माणसाच्या मेंदूतील हे ठिपके पाहण्याचे साधन नव्हते. सीटी स्कॅन सत्तरीच्या दशकात आले, एमआरआय ऐंशीच्या. नेदरलंड्समधील रॉटरडॅम येथे हजारो वृद्धांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करून १९९९ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध झाले त्यांत मधुमेही व्यक्तींना स्मृतिभ्रंशाचा धोका जवळजवळ दुप्पट आढळला. उपचारांबाबतचे उत्तर मात्र सरळ नाही. साखर अगदी काटेकोर खाली आणल्याने बुद्धी अधिक शाबूत राहते, असे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसले नाही. उलट वारंवार साखर उतरणे वृद्ध मेंदूला घातक ठरते. रक्तदाब नीट आवरण्याचा लाभ २०१९ सालच्या चाचणीत अधिक स्पष्ट दिसला. म्हणून साखरेबरोबर रक्तदाब पाहावा, वर्षातून एकदा बाहुली मोठी करून दृष्टिपटल तपासून घ्यावे, आणि चालण्यात वा विचारात आलेली मंदगती डॉक्टरांना सांगावी, हा आजच्या वैद्यकाचा व्यवहारी सल्ला. तंबाखू सोडणे हे त्यात गृहीतच आहे.

बाबासाहेबांना यातले काही उपलब्ध नव्हते. पाय आणि डोळे ज्या रोगाने पकडले त्याच रोगाची पुढची वाट मेंदूकडे जाते, आणि या माणसाची सारी मालमत्ता त्याच्या मेंदूत होती. जमीनजुमला, घराणे, पक्षाचा पैसा यांपैकी काहीही त्यांच्यामागे उभे नव्हते. त्यांच्या शेवटच्या दोन वर्षांतील काम पाहिले की त्यांच्या बुद्धीची धार बोथट झाल्याचे दिसत नाही. १९५४ च्या ऑक्टोबरात अंथरुणातून उठलेला हा रुग्ण डिसेंबरात रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला जातो, २५ डिसेंबरला देहूरोडच्या विहारात बुद्धमूर्तीची स्थापना करतो. १९५५ साली भाषावार राज्यांवरील पुस्तक येते. त्यात मराठी मुलखाची चार राज्ये करावीत हा विचार आकडेवारीनिशी मांडलेला आहे. तो पटो न पटो, मांडणी सैल नाही. आयुष्यभर केलेल्या अभ्यासाने मेंदूला एक राखीव बळ मिळते आणि इजा होऊनही तो बराच काळ काम निभावून नेतो, असे आजचे शास्त्र मानते. बाबासाहेबांइतका साठा किती जणांपाशी असेल?

या काळात ते खिन्न असत, एकांतात डोळ्यांत पाणी येई, अशा आठवणी त्यांचे सचिव नानकचंद रत्तू यांनी लिहून ठेवल्या आहेत. रत्तू सरकारी नोकरीतले. कचेरी सुटली की ते बाबासाहेबांकडे येत आणि रात्री उशिरापर्यंत टंकलेखन करीत. त्या खिन्नतेला रोगाचे लक्षण ठरवणे सोपे आहे, पण अन्यायाचे होईल. आपल्या हयातीत ग्रंथ छापून व्हावेत, समाजाचा गाडा जेथवर आणला तेथून तो मागे जाऊ नये, ही काळजी त्यांना होती, आणि तिला कारणे पुरेशी होती.

सर्वांत मोठी काळजी बुद्धावरील ग्रंथाची. बुद्ध आणि त्यांचा धम्म या विषयावरील हे लेखन वर्षानुवर्षे चालले होते. मजकूर पुन्हा पुन्हा तपासला जाई, प्रकरणे हलत, नवी भर पडे. छपाईचा खर्च वीस हजार रुपयांच्या घरात होता. १४ सप्टेंबर १९५६ रोजी त्यांनी नेहरूंना पत्र लिहिले आणि बुद्धजयंतीच्या निमित्ताने सरकारने ग्रंथाच्या पाचशे प्रती ग्रंथालयांसाठी घ्याव्यात अशी विनंती केली. त्या कामासाठी राखून ठेवलेली रक्कम संपली आहे, असे उत्तर आले. पैशाची जुळवाजुळव पुन्हा त्यांनाच करावी लागली.

एक महिन्याने, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरात त्यांनी लाखोंच्या साक्षीने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. व्यासपीठावर ते आले ते हातात काठी आणि आधाराला रत्तू अशा अवस्थेत. कुशीनाराच्या महास्थवीर चंद्रमणींकडून दीक्षा घेतल्यावर त्यांनी स्वतः जनसमुदायाला बावीस प्रतिज्ञा दिल्या. दुसऱ्या दिवशी दीर्घ भाषण केले. तेथून चंद्रपूर. नोव्हेंबरात काठमांडूची जागतिक बौद्ध परिषद, तेथे बुद्ध आणि कार्ल मार्क्स यांची तुलना करणारे व्याख्यान. मग वाराणसी, सारनाथ, कुशीनारा. ज्या पायांना दिल्लीच्या घरात जिना चढणे नकोसे होई त्यांनी दीड महिन्यात एवढी मजल मारली. ३० नोव्हेंबरला ते दिल्लीस परतले. डॉक्टरी दृष्टीने हा प्रवास शहाणपणाचा नव्हता, आणि घरात एक डॉक्टर असताना हे त्यांना माहीत नव्हते असे म्हणता येणार नाही.

५ डिसेंबरच्या संध्याकाळी २६, अलीपूर रोड येथील निवासस्थानी जैन प्रतिनिधींचे एक शिष्टमंडळ भेटून गेले. नंतर रत्तूंनी त्यांचे पाय चेपले, डोक्याला तेल लावले. बाबासाहेब बुद्धवंदना गुणगुणत होते, रेडिओग्रॅमवर तीच तबकडी लावण्यास त्यांनी सांगितले. जेवण थोडेसेच झाले. झोपण्यापूर्वी त्यांनी बुद्धावरील ग्रंथाची प्रस्तावना आणि आचार्य अत्रे व एस. एम. जोशी यांना लिहिलेल्या पत्रांचे कागद उशाजवळ ठेवून घेतले. रात्री एकदा नजर फिरवावयाची होती. रत्तू रात्री सव्वाअकराच्या सुमारास घरी गेले. ६ डिसेंबरच्या पहाटे झोपेतच बाबासाहेबांचे निधन झाले. पार्थिव विमानाने मुंबईला आणले गेले आणि ७ डिसेंबरला दादर चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले.

मृत्यू अचानक आल्याने लोकांत संशय पसरला आणि त्याचा रोख माईसाहेबांकडे गेला. सरकारने चौकशी केली. मृत्यू नैसर्गिक असल्याचा निष्कर्ष निघाला. तरीही ती कुजबुज वर्षानुवर्षे थांबली नाही. रोज इन्शुलिन टोचून ज्या बाईने आठ वर्षे हे दुखणे सांभाळले तिलाच आरोपी ठरवताना, त्या दुखण्याने आतून काय काय पोखरले असेल याचा विचार फारसा कोणी केला नाही. माईसाहेबांनी १९९० साली प्रसिद्ध झालेल्या डॉ. आंबेडकरांच्या सहवासात या पुस्तकात आपली बाजू मांडली. २००३ साली मुंबईत त्यांचे निधन झाले.

बुद्धावरील ग्रंथ १९५७ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने प्रसिद्ध केला. बाकीचे कागद पेट्यांत बंद राहिले. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून वसंत मून यांच्या संपादनाखाली त्यांचे खंड काढण्यास सुरुवात केली, तेव्हा प्राचीन भारतातील क्रांती आणि प्रतिक्रांती या विषयावरील अपुरी प्रकरणे, बुद्ध आणि मार्क्स यांवरील निबंध, हिंदू धर्मातील कोड्यांवरील हस्तलिखित असे पुष्कळ लेखन बाहेर आले. त्यांतील काही पानांवर मजकूर मध्येच थांबलेला आहे.